सावत्र नात्याची वाटणी : एका कायद्याचा इतिहास

निफाडचे नाव घेतले की आज द्राक्षबागा आठवतात, लासलगावचा कांदा आठवतो, नांदूर मधमेश्वरचे पक्षी आठवतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आधी आठवतो तो १८ जानेवारी १८४२ हा दिवस. त्या दिवशी निफाड येथे महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. न्यायमूर्ती रानडे अर्थशास्त्रज्ञ म्हणून, समाजसुधारक म्हणून, इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्याची एक बाजू मात्र चरित्रकार घाईने ओलांडून जातात. रानडे यांचे घर हे दोनदा मांडलेले घर होते, आणि तेही एका पिढीत नव्हे, लागोपाठ दोन पिढ्यांत.

माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. वडील गोविंदराव यांनी दुसरा विवाह केला आणि त्या विवाहापासून माधवरावांना सावत्र भाऊ झाले. पुढे १८७३ साली माधवरावांच्या प्रथम पत्नी सखूबाई निवर्तल्या आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहामुळे त्यांचा अकरा वर्षांच्या यमुनेशी विवाह झाला. तीच पुढील काळातील रमाबाई रानडे. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतः मात्र कुमारिकेशी विवाह करतो, ही टीका त्यांना जन्मभर सोसावी लागली, आणि ती अगदीच अन्यायाची होती असे म्हणवत नाही. १८७७ मध्ये गोविंदराव गेले. त्यांच्या पश्चात सावत्र आई आणि सावत्र भाऊ यांचा भार माधवरावांनी उचलला. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथात सावत्र सासू, नणंद, दीर यांनी भरलेल्या या घराचे जे चित्र काढले आहे, त्यात मानापमान आहेत, रुसवेफुगवे आहेत. पण घर फुटल्याची कहाणी नाही.

त्यामागे माधवरावांचा स्वभाव होताच. पण स्वभावाच्या जोडीला कायदाही होता. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळे आणि तो कोणत्या आईच्या पोटी जन्मला हे विचारले जात नसे. पहिलीचा मुलगा आणि दुसरीचा मुलगा बापाच्या मिळकतीत सारखे. सावत्र आईलाही अन्नवस्त्राचा हक्क होता. मुलींना काही नव्हते, हे त्या व्यवस्थेचे पाप; ते झाकून तिची स्तुती करता येत नाही.

आपण ख्रिस्ती लोक या व्यवस्थेतून बाहेर कसे आलो आणि आपल्या दोनदा मांडलेल्या घरांना कोणता कायदा लागू झाला, हा या लेखाचा विषय आहे. नाशिक धर्मप्रांतात १९८७ पासून एकत्र आलेल्या नाशिक आणि जुन्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील कुटुंबांत विधुराने विधवेशी विवाह करून दोन्हीकडची मुले एका छपराखाली आणणे ही काही नवलाची गोष्ट नाही. शेतकरी समाजात पाट लावण्याची चाल पूर्वापार होतीच. ख्रिस्ती झाल्यावर तिला विवाहसंस्काराची प्रतिष्ठा मिळाली. वेदीपुढे त्या घराला आशीर्वाद मिळतो. सातबाऱ्यापुढे मात्र ते घर एक राहत नाही. वारस नोंदीची वेळ येते तेव्हा काल एका ताटात जेवलेली मुले वेगवेगळ्या रकान्यांत जातात आणि एकाचे नाव तर कोठेच येत नाही.

हे असे का होते, याचे मूळ शोधताना प्रथम १८५६ च्या विधवाविवाह कायद्याकडे पाहिले पाहिजे. हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारा हा कायदा सुधारकांचा मोठा विजय मानला जातो आणि तो होताच. पण त्याच्या दुसऱ्या कलमात असे ठरवले होते की, विधवेने पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीतील तिचा हक्क संपेल, जणू ती त्याच दिवशी मरण पावली. ज्या जातींत पाटाची चाल आधीपासून होती, त्या स्त्रियांनाही हे कलम लागू करावे काय, असा प्रश्न आला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने, रानडे स्वतः त्या न्यायालयाचे न्यायमूर्ती असतानाच, १८९६ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मत उलट होते. म्हणजे नवऱ्याच्या घरातून निघताना बाईने मुलाला बरोबर नेले तरी जमीन मागेच राहायची. दुसऱ्या घरात ती आई म्हणून जायची, मूल मात्र पोरके म्हणूनच जायचे.

ख्रिस्ती विधवेवर हे कलम कधीच बसले नाही. तिची वाट निराळ्या ठिकाणाहून आली, आणि ती कथा दक्षिणेतील बेल्लारीची आहे. रानडे जन्मले त्याच १८४२ सालच्या जुलैत तेथे मॅथ्यू अब्राहम नावाचा एक धनाढ्य देशी ख्रिस्ती गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. त्याचे पूर्वज हिंदू. पत्नी शार्लट आणि भाऊ फ्रान्सिस यांच्यात वाद लागला. भावाचे म्हणणे असे की, आपण पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबाच्या रीतीने राहिलो, तेव्हा मिळकत हिंदू रीतीनेच आपल्याकडे यावी. पत्नीचे म्हणणे, आमचा हिंदू कायद्याशी संबंध उरलेला नाही. एकवीस वर्षांनी, १८६३ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला : धर्मांतर झाले की हिंदू कायद्याचे बंधन सुटते; मात्र धर्मांतरित मनुष्य हवे तर जुनी रीत चालू ठेवू शकतो, हवे तर नवी स्वीकारू शकतो, आणि त्याने काय स्वीकारले हे त्याच्या वागण्यावरून ठरवावे. अब्राहम कुटुंबाने इंग्रजी रीत स्वीकारली होती, म्हणून एकत्र कुटुंबाचा दावा टिकला नाही.

निकाल शहाणपणाचा होता, पण सोयीचा नव्हता. प्रत्येक घराची राहणी तपासून कायदा ठरवायचा म्हणजे प्रत्येक वाटणी कोर्टात जायची. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, सरकारने भारतीय उत्तराधिकार कायदा केला. १ जानेवारी १८६६ पासून तो अमलात आला. हिंदू, मुसलमान, बौद्ध यांना त्यातून वगळले. देशी ख्रिस्ती त्यात आले. काही काळ मुंबई उच्च न्यायालयाने (१९०६ मध्ये) एकत्र राहणाऱ्या ख्रिस्ती भावांचा जुना सहभागीदारीचा हक्क मान्य केला होता. पण १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निवडीचे दार बंद केले. ख्रिस्ती माणसाला वारशाच्या बाबतीत हाच कायदा, दुसरा नाही. १९२५ साली तो नव्याने संकलित झाला आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांच्या वाटण्या त्याच १९२५ च्या कायद्याने होतात.

या कायद्यातील वाटणीचे प्रमाण कोठून आले, हे पाहिले तर मौज वाटेल. विधवेला एकतृतीयांश आणि मुलांना दोनतृतीयांश, ही वाटणी इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीत, १६७० साली झालेल्या कायद्यातली. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्याही आधी लंडनमध्ये ठरलेले गणित गोदाकाठच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या बागेला लागू झाले. त्यात चांगले काय, तर मुलगा आणि मुलगी सारखे. त्रावणकोरच्या ख्रिस्ती भगिनींना हे समत्व १९८६ मध्ये, मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडल्यावर मिळाले. आपल्याकडे ते कागदोपत्री १८६६ पासून आहे. कागदोपत्री, असे म्हणण्याचे कारण हक्कसोडपत्र. लग्न होऊन गेलेल्या बहिणीने भावाच्या नावे सही करून द्यावी, ही अपेक्षा ख्रिस्ती घरांतही तितकीच मुरलेली आहे.

दुसरी चांगली गोष्ट अशी की, विधवेला मिळालेला तृतीयांश तिच्या पूर्ण मालकीचा असतो. तिने नंतर पुनर्विवाह केला तरी तो परत जात नाही. आणि तिसरी, या कायद्याने सख्खे आणि एकाच बापाचे किंवा एकाच आईचे, असा रक्तातला भेद ठेवला नाही. येथपर्यंत रानड्यांच्या घरातले न्यायतत्त्व आणि हे इंग्रजी तत्त्व जुळते.

अडचण पुढे आहे. हा कायदा रक्त ओळखतो, घर ओळखत नाही. नातेवाईक म्हणजे एकाच पूर्वजापासून जन्मलेले, अशी त्याची व्याख्या आहे. पत्नी वा पती एवढाच रक्ताबाहेरचा अपवाद. पत्नीबरोबर आलेला तिचा मुलगा पित्याच्या दृष्टीने या कायद्यात कोणीही नाही. तो दोन वर्षांचा असताना घरात आला असेल, त्याच बापाचे आडनाव लावून शाळेत गेला असेल, वीस वर्षे त्याने छाटण्या आणि फवारण्या केल्या असतील. तरी बाप मृत्युपत्रावाचून गेला तर त्याचा वाटा शून्य.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. निफाड तालुक्यातील एका कल्पित कुटुंबाचे उदाहरण घेऊ. एका विधुराची ९ एकर जमीन आहे. पहिल्या पत्नीपासून त्याला दोन मुले आहेत. त्याने एका विधवेशी विवाह केला. तिच्याबरोबर तिचा एक मुलगा आला. पुढे दोघांना एक मुलगी झाली. चार मुले, एक चूल. पती मृत्युपत्रावाचून वारला. पत्नीला ३ एकर मिळाले. उरलेले ६ एकर त्याच्या रक्ताच्या तीन मुलांत, प्रत्येकी २ एकर. आईबरोबर आलेल्या मुलाला काही नाही. काही वर्षांनी आईही मृत्युपत्रावाचून गेली. आता तिचे ३ एकर तिच्या रक्ताच्या दोन मुलांकडे जातात : तिचा पहिला मुलगा दीड एकर, दोघांची मुलगी दीड एकर. पहिल्या पत्नीच्या ज्या दोन मुलांना तिने लहानाचे मोठे केले, त्यांना तिच्याकडून काही नाही. शेवटी हिशेब असा : दोघांच्या मुलीकडे साडेतीन एकर, पहिलीच्या मुलांकडे दोन-दोन, आणि आईबरोबर आलेल्याकडे दीड.

आता मृत्यूचा क्रम बदला. आई आधी गेली आणि तिच्या नावे काहीच नव्हते. मग पती गेला. ९ एकर त्याच्या तीन मुलांत, प्रत्येकी ३. चौथ्याच्या हाती मातीचा कणही नाही. मुले तीच, घर तेच, जमीन तीच. कोण आधी मेले एवढ्यावरून एका माणसाचे नशीब बदलते. कोणत्याही घरातील आईबापांनी ही वाटणी ठरवून केली नसती. पण ठरवले नाही तर १६७० सालचा राजा ठरवतो.

याच संदर्भात आणखी दोन कलमे सांगितली पाहिजेत, कारण भांडणे बहुधा तेथूनच सुरू होतात. बापाने हयातीत एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी वा धंद्यासाठी कितीही पैसा दिलेला असो, तो वाटणीच्या वेळी त्याच्या हिश्शातून वजा होत नाही. ‘दुसरीच्या मुलीला नर्सिंग शिकवले, मग तिला जमीन कशाला?’ हा प्रश्न चुलीजवळ विचारता येतो, कायद्यापुढे त्याला किंमत नाही. आणि बापाच्या हयातीतच वारलेल्या मुलाच्या विधवेला सासऱ्याच्या मिळकतीत या कायद्याने वाटा दिलेला नाही. तिच्या मुलांना आहे, तिला नाही. अशी सून पुढे दुसरे घर मांडते तेव्हा ती हात हलवीतच जाते. १८५६ च्या कायद्याला नावे ठेवणाऱ्या आपण ख्रिस्ती लोकांनी हेही ध्यानात ठेवावे.

कायदा घर ओळखत नसेल तर माणसाने काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्रात एका थोर पुरुषाने स्वतःच्या उदाहरणाने दिलेले आहे. ते ख्रिस्ती नव्हते. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला आपला मुलगा म्हणून वाढवले. तोच यशवंत. त्या काळच्या कायद्यापुढे अशा मुलाचे दत्तकपण वादात सापडणार आणि भाऊबंद हक्क सांगणार, हे जोतीरावांनी ओळखले. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले, त्याची रीतसर नोंद केली आणि यशवंत हाच आपला मुलगा व वारस असे त्यात लिहून ठेवले. आयुष्यभर कायद्याशी आणि रूढीशी झुंजलेल्या माणसाने या एका प्रश्नाला मात्र भाषणाने नव्हे, दस्तऐवजाने उत्तर दिले. त्यांच्या साऱ्या लेखनात हा कागद मला विशेष मोलाचा वाटतो.

ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्राचे स्वातंत्र्य पुरेपूर आहे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेमुळे अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव असते आणि उरलेल्या अर्ध्याचीच विल्हेवाट स्वतःच्या इच्छेने लावता येते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मनुष्य मात्र आपली सर्व मिळकत हवी त्याला देऊ शकतो. पण या स्वातंत्र्यात तीन खाचखळगे आहेत आणि तिन्ही नेमके दोनदा मांडलेल्या घरांच्या वाटेत येतात.

पहिला सर्वांत मोठा. १९२५ च्या कायद्याचे ६९ वे कलम सांगते की, विवाह होताच त्याआधी केलेले मृत्युपत्र रद्द होते. हा नियम इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यातून आला. हिंदूंना तो लागू केला गेला नाही. विवाहामुळे हिंदूचे मृत्युपत्र रद्द होणार नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. ख्रिस्ती विधुराने पहिल्या पत्नीच्या पश्चात, मुलांच्या काळजीने, वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र केले, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदही केली आणि चार वर्षांनी दुसरा विवाह केला, तर चर्चमध्ये ‘होय’ म्हणताक्षणी त्या नोंदलेल्या कागदाची रद्दी होते. त्याला कोणी कळवीत नाही. तो कागद कपाटात जपून ठेवतो. मृत्यूनंतर मुले तो बाहेर काढतात, तेव्हा कळते. नोंदणीमुळे मृत्युपत्र अभंग होते, असा गैरसमज फार पसरलेला आहे.

दुसरा खळगा शब्दांचा. ‘माझी सर्व मिळकत माझ्या मुलांना समान’ असे मोघम लिहिले आणि आईबरोबर आलेला मुलगा त्यात धरलाच आहे, असे बापाच्या मनात असले, तरी कायदा मनात डोकावत नाही. मृत्युपत्रातील ‘मुले’ या शब्दाचा अर्थ ज्याची मुले म्हटली त्याची पोटची मुले, असा ९९ व्या कलमात सांगितला आहे. म्हणून प्रत्येकाचे नाव लिहावे लागते. तिसरा खळगा साक्षीदारांचा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला वाटा द्यायचा त्यानेच, किंवा त्याच्या पत्नीने वा पतीने, साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याचा वाटा बुडतो. हा नियमही ख्रिस्ती माणसाला लागू आहे. घरचाच माणूस जवळ होता म्हणून त्याची सही घेतली, आणि नेमके त्यालाच काही मिळाले नाही, असा त्याचा परिणाम होतो.

कायदा अगदीच गोठलेला राहिला असेही नाही. २००२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी झाल्या. विवाहापूर्वी करार करून भावी पत्नीचा वारसाहक्क काढून घेण्याची जुनी सोय गेली. दुसऱ्या विवाहाच्या वेळी तिचा उपयोग कसा होत असेल, हे सांगायला नको. आणि मृत्युपत्राचे प्रोबेट घेण्याची सक्ती ख्रिस्ती लोकांवरून उठली. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ११८ वे कलम घटनाबाह्य ठरवले. पुतण्या किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्याला काही द्यायचे तर मृत्यूच्या निदान बारा महिने आधी मृत्युपत्र केले पाहिजे, असे ते कलम होते. त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत केरळमधील एक धर्मगुरू होते. सावत्र मुलाच्या स्थितीला मात्र यांपैकी कशानेही हात लागला नाही.

ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत काय म्हणतो? येथे एक चमत्कारिक विसंगती दिसते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत सरळ रेषेतील सोयरीक हा विवाहाला अडथळा आहे; सावत्र बाप आणि सावत्र मुलगी यांचा विवाह होऊ शकत नाही. म्हणजे सावत्र नाते ख्रिस्तसभा खरे नाते मानते. त्याच संहितेतील १०७१ वे कलम सांगते की, आधीच्या संबंधातून झालेल्या मुलांविषयी ज्याच्यावर नैसर्गिक जबाबदारी आहे, अशा व्यक्तीचा विवाह बिशपांच्या परवानगीवाचून धर्मगुरूने लावू नये. विवाहापूर्वीच्या चौकशीत ‘त्या मुलांचे काय?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच यातून मिळतो. तो प्रश्न शाळा-औषधपाण्यावर थांबतो की जमिनीपर्यंत जातो, हे ज्या त्या धर्मगुरूवर आहे. मला वाटते, तो जमिनीपर्यंत गेला पाहिजे.

धर्मांतराच्या प्रारंभीच्या काळातही हा प्रश्न उठलाच होता. पती ख्रिस्ती झाला आणि पत्नीने त्याच्याबरोबर राहण्याचे नाकारले, तर १८६६ च्या एका कायद्याने न्यायालयामार्फत विवाह मोडून पुनर्विवाहाची वाट दिली होती. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सवलतीशी ती मिळतीजुळती आहे. न्यायालयाने दोघांना समोरासमोर आणावे आणि वर्षभर थांबावे, अशी त्यात तरतूद होती. पण विशेष हे की, त्या मोडलेल्या विवाहाची मुले औरस राहतील आणि त्यांचा वारसाहक्क जाणार नाही, असेही त्या कायद्याने सांगितले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. रेव्हरंड टिळकांनी या कायद्याचा आधार घेतला नाही आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. मराठी साहित्यावर ते केवढे उपकार झाले!

आज याच्या उलट प्रकारची चूक घडते. धर्मप्रांतीय न्यायमंडळाने पहिला विवाह मुळातच रद्दबातल होता असे ठरवले की पुष्कळांना वाटते, आता सर्व मोकळे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळाचा निर्णय दिवाणी कायद्याने विवाह संपवू शकत नाही. २०१७ मध्येही तसा निर्णय मान्य करावा ही मागणी फेटाळली गेली. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा न घेता दुसरा विवाह केला, तर वेदीपुढे पत्नी असलेली स्त्री वारस नोंदीच्या वेळी पत्नी ठरत नाही. तिच्या तृतीयांशावर पहिली हक्क सांगू शकते.

करांची कहाणी त्यामानाने थोडक्यात आटोपते. मृत्यूनंतर मिळकतीवर कर घेणारा संपदा शुल्काचा कायदा १९५३ साली आला आणि १९८५ मध्ये उठला. बक्षीस कर १९५८ मध्ये आला, १९९८ मध्ये गेला. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात मात्र एक व्याख्या सापडते, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. त्या कायद्यानुसार ‘मूल’ या शब्दात सावत्र मूल आणि दत्तक मूल दोन्ही येतात. १९९२ च्या अर्थविधेयकाने अज्ञान मुलाचे उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवण्याचा नियम केला, तेव्हा सावत्र मुलाच्या नावाने ठेव ठेवून कर चुकवण्याची वाट या व्याख्येने बंद झाली. बक्षिसांच्या बाबतीत ‘नातेवाईक’ शब्दात पती वा पत्नीचे वंशजही धरले गेले, म्हणून सावत्र मुलाला दिलेल्या रकमेवर त्याला कर पडत नव्हता. पण दोन्हीकडून आलेली, एकही जन्मदाता सामाईक नसलेली मुले एकमेकांची नातेवाईक ठरतात की नाही, हे त्या व्याख्येत स्पष्ट नव्हते. त्यांनी परस्परांना वर्षात पन्नास हजारांहून अधिक रक्कम दिली तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते काय, हा वाद उभा राहू शके. सरकारला घ्यायचे असते तेव्हा सावत्र मूल मूल असते. वाटून द्यायचे असते तेव्हा तेच सरकार त्याला ओळखत नाही.

ओझरच्या विमान कारखान्यात, रेल्वेत, शाळांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी नामनिर्देशनाकडेही पाहावे. पहिल्या पत्नीचे वा मुलांचे नाव तीस वर्षांपूर्वी अर्जावर लिहिलेले असते आणि ते तसेच राहते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले की, नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. नाव असलेल्याने रक्कम स्वीकारायची, हक्क मात्र वारसा कायद्याने ठरायचा. तेव्हा सावत्र मुलाचे नाव अर्जात घातले म्हणजे त्याची सोय झाली, ही समजूतही खरी नाही.

उरते दत्तकविधान. ख्रिस्ती लोकांना दत्तकाचा स्वतंत्र कायदा कधीच नव्हता. १८९० च्या कायद्याखाली पालकत्व तेवढे मिळे, आणि मूल अठरा वर्षांचे झाले की तेही संपे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निकाल देताना दत्तक घेण्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कातच अंतर्भूत आहे असे सांगितले, तेव्हा पहिल्यांदा वाट दिसली. बालन्याय कायद्याने ती रुंद केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याने दत्तक घेता येते असे ठरवले. २०१७ च्या आणि पुढे २०२२ च्या दत्तक नियमांत सावत्र आईने वा बापाने जोडीदाराचे मूल दत्तक घेण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आली. दुसरा जन्मदाता हयात असल्यास त्याची संमती लागते. हुकूम जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर ते मूल औरस मुलाप्रमाणे वारस होते, आणि वरच्या उदाहरणातील तो मुलगा पहिल्याच वाटणीत इतरांच्या बरोबरीने उभा राहतो : ६ एकरांचे चार भाग, प्रत्येकी दीड.

ही तरतूद अठरा वर्षांच्या आतल्या मुलांपुरतीच आहे. ज्याने वीस वर्षे बागेत छाटण्या केल्या त्या मोठ्या मुलाला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी दोनच कागद उरतात : बापाच्या हयातीत केलेले नोंदणीकृत बक्षीसपत्र, किंवा त्याचे नाव लिहिलेले, दोन परक्या साक्षीदारांच्या सह्यांचे, विवाहानंतरच्या तारखेचे मृत्युपत्र.